समोरून खटखट येतेय? शॉकप बदलायच्या आधी हे वाचा

जुन्या गाडीच्या समोरून आवाज यायला लागला की आमच्या इंदूरमधे बहुतेक गॅरेजवर पहिलं वाक्य एकच ऐकू येतं, "भिया, शॉकप गए." गाडी अजून नीट आत लागलेली पण नसते. मग दोन्ही शॉकप, म्हणजे शॉक ॲब्झॉर्बर, बदलतात, बरेचसे पैसे जातात, आणि दुसऱ्या दिवशी त्याच गल्लीत त्याच खड्ड्यावर तोच आवाज. घरात, शेजारी, ऑफिसमधे हे इतकं बघितलंय की आता कुणी मला "गाडी खटखट करतेय गं" म्हणलं की मी आधी एकच विचारते, कधी येतो आवाज? कुठून येतो ते नंतर, कसा येतो ते पण नंतर, आधी कधी.

कारण असं की "कुठून" या प्रश्नाचं उत्तर कानाला देता येत नाही. गाडीची पूर्ण बॉडी पत्र्याची, एकमेकाला वेल्ड केलेली, डाव्या चाकाजवळचा ठोका पत्र्यातून फिरत फिरत डॅशबोर्डच्या मधोमध ऐकू येतो आणि ड्रायव्हरला वाटतं स्टिअरिंगमधे काहीतरी आहे. पण "कधी" फसवत नाही, कारण खालचा प्रत्येक पार्ट ठराविक वेळीच ताणाखाली येतो. एखादा फक्त ब्रेक मारताना, एखादा फक्त एकच चाक वर गेल्यावर, एखादा फक्त स्टिअरिंग फिरवताना. वेळ पकडली की अर्धे पार्ट आपोआप यादीतून बाहेर जातात.

त्यासाठी खाली काय काय आहे ते डोळ्यासमोर असायला हवं, म्हणून थोडक्यात सांगते. आपल्याकडच्या जवळजवळ सगळ्या छोट्या गाड्यांना समोर मॅकफर्सन स्ट्रट असतो. म्हणजे शॉकप आणि स्प्रिंग मिळून एकच उभा खांब, त्याचं वरचं टोक बॉनेटखाली बॉडीत एका रबरी माउंटिंगमधे बसलेलं, त्या माउंटिंगमधे एक बेअरिंग, कारण स्टिअरिंग फिरवलं की तो अख्खा खांब फिरतो. खालचं टोक चाकाच्या नकलला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या लोखंडी तुकड्याला, बोल्टनी आवळलेलं. नकल खालच्या बाजूला लोअर आर्मला बॉल जॉइंटनी जोडलेलं, आणि लोअर आर्म दोन बुशांमधून, म्हणजे रबर भरलेल्या नळ्यांमधून, क्रॉस मेंबरला, म्हणजे गाडीखालच्या आडव्या तुळईला. स्टिअरिंगकडून येणारा टाय रॉड एंड नकलला धरून चाक वळवतो. आणि डावी बाजू उजवीला जोडणारा एक लांब वाकवलेला स्टीलचा दांडा, तो स्टॅबिलायझर बार, जो डी आकाराच्या रबरांमधे, म्हणजे डी बुशांमधे बसतो आणि दोन्ही टोकांना छोट्या लिंक रॉडनी स्ट्रटला नाहीतर आर्मला जोडलेला असतो. बस एवढंच. आवाज करणारे मुख्य सांधे यातलेच.

हा स्ट्रट अर्ल मॅकफर्सन नावाच्या इंजिनिअरनी काढला, दुसऱ्या महायुद्धानंतर शेव्रोलेच्या एका छोट्या गाडीवर काम करताना, ती गाडी काही बाजारात आलीच नाही, मग तो फोर्डमधे गेला आणि १९५० च्या सुमारास फोर्डच्या कॉन्सल आणि झेफिर गाड्यांना हा स्ट्रट लागला. पार्ट कमी, जागा कमी, खर्च कमी, म्हणून छोट्या गाड्यांनी तो उचलला तो अजून सोडलेला नाही. पण पार्ट कमी असल्यामुळे एकेका सांध्यावर काम जास्त पडतं हे पण खरं.

आता आत्याच्या गाडीबद्दल सांगते कारण त्यात जवळजवळ सगळंच निघालं. आत्या राजेंद्र नगरला राहते, २००९ ची पेट्रोल हॅचबॅक, स्वतः चालवते, देवळात, भिशीला, आणि वर्षातून एकदोनदा आम्हा सगळ्यांना घेऊन सिमरोलच्या घाटातून ओंकारेश्वरला. तिच्या गल्लीत पाइपलाइनसाठी खोदून परत बुजवलेला एक लांब पट्टा आहे, बुजवलं की थोड्या दिवसात तो खचतो, वरून आपली माळव्यातली काळी माती, पावसात फुगते आणि उन्हात आकसते, त्यामुळे रस्ता कधी सपाट राहतच नाही. त्या पट्ट्यावर गाडी हळू चालवली की समोरून खट खट खट. गॅरेजवाल्यानी न चालवताच कागदावर लिहून दिलं, दोन शॉकप, दोन माउंटिंग, दोन आर्म, आणि "रॅक भी देखना पड़ेगा," रॅक म्हणजे स्टिअरिंगचं फिरणं टाय रॉडपर्यंत पोचवणारा दातेरी दांडा. आत्यानी मला फोन करून म्हणलं, अगं एवढ्यात तर माझा फ्रीज आणि वॉशिंग मशीन दोन्ही येईल, तू एकदा बघ ना.

मी जॅक काढायच्या आधी गाडी रिकामी करते, आणि हे खरंच कुणी करत नाही. डिकीतला जॅक, पाना, स्टेपनी घट्ट आहे का, ग्लोव्ह बॉक्समधे काय खुळखुळतंय, बॉनेटचा टेकू त्याच्या क्लिपमधे बसलाय का, बॅटरीची पट्टी आवळलेली आहे का, नंबर प्लेट सैल आहे का. इंजिनचं फाउंडेशन, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं ते रबरी माउंटिंग, पण बघून घ्यायचं, ते फाटलं असेल तर क्लच सोडताना आणि गिअर बदलताना धप्प येतं आणि लोक त्याला सस्पेन्शन समजतात. टायरची हवा कंपनीनी दाराच्या खांबावर लिहिलेली असते तेवढीच भरायची, जास्त हवा भरलेली गाडी प्रत्येक खड्ड्याला दणका देते आणि मग सगळेच पार्ट खराब वाटायला लागतात.

मग चालवून बघायचं. रविवारी सकाळी लवकर, रस्ता रिकामा असताना, रेडिओ बंद, एसी बंद, काचा खाली, आणि शक्यतो एका बाजूला लांब कंपाउंडची भिंत असेल अशा गल्लीत. भिंतीवरून आवाज परत येतो त्यामुळे त्या बाजूच्या चाकाचा आवाज एकदम स्पष्ट कळतो, परत येताना दुसरी बाजू ऐकायची. शेजारी एक माणूस हवा, त्यानी फक्त लिहायचं, कधी आला. आत्या वही घेऊन बसली होती.

पहिली चाचणी ब्रेकची. खडबडीत भागावर हळू जाताना ब्रेकला अगदी हलकासा पाय लावायचा, गाडी थांबवायची नाही. खटखट तेवढ्यात बंद झाली तर सस्पेन्शनला हातच लावू नका, ब्रेक पॅड कॅलिपरमधे, म्हणजे त्यांना डिस्कवर दाबणाऱ्या चिमट्यात, सैल आहेत, क्लिप गेल्यात किंवा कॅलिपरच्या पिना झिजल्यात. पाय दाबला की पॅड डिस्कला चिकटतात आणि हलायचे थांबतात, म्हणून आवाज जातो. आत्याच्या गाडीत नाही गेला.

दुसरी चाचणी माझी सगळ्यात आवडती, आणि मला वाटतं हिच्याइतकी कामाची दुसरी नाही. एका नीट पूर्ण रुंदीच्या स्पीड ब्रेकरवरून सरळ जायचं, दोन्ही पुढची चाकं एकदम वर एकदम खाली. मग तोच स्पीड ब्रेकर तिरका घ्यायचा, म्हणजे आधी एक चाक चढेल मग दुसरं. किंवा ड्रेनेजचं झाकण नाहीतर खचलेला पट्टा फक्त एका चाकाखाली घ्यायचा. दोन्ही चाकं एकदम वर गेली की स्टॅबिलायझर बार नुसता त्याच्या डी बुशात फिरतो, पिळला जात नाही, लिंक रॉडवर फारसा जोर येत नाही. एकच चाक वर गेलं की बार पिळला जातो आणि तो सगळा जोर लिंक रॉडच्या दोन छोट्या बॉल जॉइंटमधून जातो. म्हणून सरळ स्पीड ब्रेकरवर गाडी गप्प आणि एका चाकाच्या खड्ड्यावर खटखट, असं असेल तर पहिला संशय लिंक रॉडवर घ्यायचा, नंतर डी बुशवर. शॉकप किंवा त्याचं माउंटिंग गेलं असेल तर ते सरळ स्पीड ब्रेकरवर पण बोलतंच, उलट जास्त बोलतं. आत्याची गाडी कॅट रोडकडच्या मोठ्या ब्रेकरवरून एकदम शांत गेली, आणि तिरकी घेतली की डावीकडून खट. आत्यानी वहीत लिहिलं आणि स्वतःच म्हणाली, म्हणजे शॉकप नाही ना मग.

इथे एक गोष्ट सांगते जी चांगले चांगले मेकॅनिक पण विसरतात. लिंक रॉड तपासताना एकच चाक जॅकवर घेतलं तर दोष लपतो. एक चाक लटकतंय आणि दुसरं जमिनीवर, म्हणजे बार आधीच पिळलेला, लिंक रॉड ताणलेला, कितीही हलवा हलणार नाही, आणि तो म्हणतो लिंक रॉड ठीक आहे. दोन्ही चाकं सारख्या उंचीवर पाहिजेत, एकतर दोन्ही जमिनीवर नाहीतर दोन्ही वर. सगळ्यात सोपं म्हणजे व्हील अलाइनमेंटवाल्याकडे जायचं, त्याच्या रॅम्पवर गाडी चारही चाकांवर उभी राहून वर जाते, वजन सगळं चाकांवर, आणि खालून हात घालायला पूर्ण जागा. थोडे पैसे देऊन थोडा वेळ रॅम्प मागितला तर बहुतेक जण देतात. तिथे लिंक रॉड मुठीत धरून वरखाली हलवला की झिजलेला जॉइंट हातात टकटक लागतो. डावा लागला. उजवा पण थोडा ढिला होता.

तरी खात्री नसेल तर दोन्ही लिंक रॉड एका टोकाला सोडवायचे, तारेनी बाजूला बांधायचे म्हणजे ते कशालाही लागणार नाहीत, आणि त्याच गल्लीत हळू एक चक्कर. आवाज गेला तर विषय संपला. पण फक्त गल्लीत आणि फक्त हळू, कारण बार नसताना वळणावर गाडी खूप कलते, रिंग रोडवर तर अजिबात न्यायची नाही.

आणि हे पण लक्षात ठेवा की सगळ्या गाड्यांना वेगळा लिंक रॉड नसतो. १९८३ मधे आलेली मारुती ८०० बघा, तिच्यात बारचं टोकच लोअर आर्ममधून जातं आणि तोच बार आर्मला पुढेमागे धरून ठेवतो, तिथे लिंक रॉड शोधत बसलात तर सापडणार नाही, टोकाचे रबर बघायचे. ते गेले की खटखट तर येतेच, शिवाय ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढते.

आत्याच्या गाडीचे दोन्ही लिंक रॉड बदलले, हा शॉकपच्या मानानी अगदी किरकोळ खर्च, आणि गल्लीतली खटखट गेली. पण ती गेल्यावर दुसरा एक आवाज ऐकू यायला लागला जो आधी तिच्याखाली दबलेला होता. जुन्या गाडीत हे होतंच, म्हणून एक पार्ट बदलला आणि तरी काहीतरी ऐकू येतंय म्हणून पहिलं निदान चुकलं असं लगेच धरू नका, परत वही उघडा. हा दुसरा आवाज वेगळा होता, सिग्नलला ब्रेक मारला की एकच ठक, आणि रिव्हर्समधे घेऊन ब्रेक मारला की परत एकच ठक. मधे काही नाही.

पुढेमागे एकेक ठक म्हणजे काहीतरी पुढेमागे सरकतंय, आणि चाकाला पुढेमागे धरणारा पार्ट म्हणजे लोअर आर्मचा बुश, बहुतेक गाड्यांत मागचा मोठा बुश. ब्रेक मारला की चाक मागे ढकललं जातं, रबर फाटलं असेल तर लोखंड लोखंडाला जाऊन भिडतं. हा तपासायला रिकाम्या मैदानात पहिल्या गिअरमधे थोडं पुढे जाऊन ब्रेक, रिव्हर्स, ब्रेक, असं करायचं आणि कुणीतरी बाहेर सुरक्षित अंतरावर उभं राहून चाकाकडे बघायचं, चाक कमानीत पुढेमागे सरकताना चक्क दिसतं. मग रॅम्पवर टॉमी, म्हणजे छोटी पहार, लावून आर्म हलवून बघायचा. रबरावर वरवरच्या बारीक भेगा असल्या तर त्यानी घाबरायचं कारण नाही, वय झालं की पडतात, पण चीर आरपार गेली असेल किंवा रबर आतल्या नळीपासून सुटलं असेल तर बदलायलाच हवा. आत्याचा डावा मागचा बुश अर्ध्यापेक्षा जास्त सुटलेला होता. पुढचे टायर आतल्या बाजूनी जास्त का झिजत होते ते पण तेव्हा कळलं.

आता ज्याच्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय तो म्हणजे लोअर बॉल जॉइंट. बाकीचे आवाज त्रास देतात, हा जीव घेऊ शकतो. खुब्याच्या सांध्यासारखा गोळा आणि वाटी, वर रबरी बूट, आत ग्रीस. जुन्या अँबॅसिडरसारख्या गाड्यांना ग्रीस निपल असायचे, दर सर्व्हिसला गन लावून ताजं ग्रीस भरायचं, आत्ताचे जॉइंट सीलबंद असतात, बूट फाटला की पाणी आणि धूळ आत जाते आणि मग आत भरायला काही जागाच नसते. झिजत झिजत गोळा वाटीतून निघाला की चाक लोअर आर्मपासून सुटतं आणि गाडीखाली आडवं पडतं. वळणावर झालं तर ड्रायव्हरच्या हातात काहीच राहत नाही. त्याचा आवाज सुरुवातीला अगदी साधा असतो, हळू वेगात वळताना किंवा पार्किंगमधून निघताना एखादा कट्, किंवा ब्रेकरवर चर्र अशी कुरकूर, आणि बरेच दिवस तेवढाच राहतो. म्हणून कुठलाही आवाज असो, बॉल जॉइंट बघितल्याशिवाय गाडी खाली उतरवायची नाही हा माझा नियम.

बघायचं असं. सपाट जागा, हँडब्रेक, मागच्या चाकांना मागून पुढून दगड नाहीतर विटा, गाडी बॉडीच्या जॅक पॉइंटवर उचलायची आणि लगेच खाली घोडी, म्हणजे जॅक स्टँड, लावायची. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली डोकं तर सोडाच, हात पण घालायचा नाही. चाक लटकत असताना एक हात वर एक हात खाली, म्हणजे घड्याळातले १२ आणि ६, आणि चाक आत बाहेर हलवायचं. हललं तर दोन शक्यता, बॉल जॉइंट किंवा व्हील बेअरिंग. मग कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगायचं आणि परत हलवायचं. ब्रेक दाबल्यावर हलणं बंद झालं तर बेअरिंग, कारण ब्रेकनी चाक आणि नकल एक झाले. तरी हलत असेल तर बॉल जॉइंट, किंवा कधी कधी स्ट्रटचं वरचं टोक, ते डोळ्यांनी बघून ठरवायचं. त्यानंतर आर्म आणि नकलच्या मधे टॉमी घालून हलकं उचकटून बघायचं, गोळा वाटीत वरखाली होताना दिसला की संपलं. आणि टॉर्च लावून बूट चारही बाजूंनी बघायचा, बूट फाटलेला असेल तर आज आवाज नसला तरी तो जॉइंट बदलायच्या यादीत.

हात ९ आणि ३ वर ठेवून हललं तर टाय रॉड एंड किंवा रॅकचा आतला जॉइंट. पण याची खरी तपासणी अलाइनमेंटच्या रॅम्पवरच होते, गाडी चाकांवर उभी, इंजिन चालू, आत एकानी स्टिअरिंग अगदी थोडं थोडं डावीउजवीकडे भरभर हलवायचं, आणि खाली दुसऱ्यानी एकेका सांध्यावर बोटं ठेवत जायचं. जो सांधा ढिला आहे तिथे एक बाजू हलते आणि दुसरी उशिरा हलते, बोटाला लगेच कळतं. रॅक खराब सांगण्याआधी एवढं तरी कुणीतरी करावं ना, रॅक केवढा महाग पार्ट आहे. आत्याच्या गाडीचा रॅक, दोन्ही टाय रॉड एंड, दोन्ही बॉल जॉइंट अगदी ठीक निघाले.

स्टिअरिंगची खालची काडी, म्हणजे कॉलम आणि रॅकच्या मधला सांध्यांचा तुकडा, तो पण खडबडीत रस्त्यावर टिकटिक करतो आणि ती पायाशी, पेडलजवळ जाणवते. तिथे हात लावून बघितलं की थरथर लागते.

स्ट्रटचं वरचं माउंटिंग ओळखणं सोपं आहे. गाडी जागेवर उभी, बॉनेट उघडं, एकानी स्टिअरिंग पूर्ण डावीकडे पूर्ण उजवीकडे फिरवायचं, दुसऱ्यानी माउंटिंगच्या टोपीवर तळहात ठेवायचा. वरचं बेअरिंग जाम असेल तर स्प्रिंग फिरता फिरता अडकते आणि मग एकदम सुटते, टणण असा आवाज आणि हाताला झटका. स्प्रिंगच्या वेढ्यांमधे बोटं घालू नका प्लीज. स्प्रिंगचं खालचं शेवटचं वेढं तुटलेलं असेल तरी असंच होतं, तुटकं टोक वाटीत मातीखाली लपलेलं असतं, धुवून बघावं लागतं. आणि नुकतेच शॉकप बदलून आणलेत आणि त्यानंतरच आवाज सुरू झालाय, तर सगळ्यात आधी वरचा मधला नट, बऱ्याचदा तोच पूर्ण आवळलेला नसतो.

मग शॉकप खरोखर कधी जातो? जातोच की, आणि तेव्हा बदलायलाच पाहिजे. ब्रेकर उतरल्यावर नाक एकदा खाली जाऊन वर येऊन थांबायला हवं, दोन तीनदा डुलत असेल तर शॉकपमधे दम नाही. टायरवर ठराविक अंतरानी खोलगट खड्डे पडलेत का हातानी बघा. शॉकपच्या नळीवर तेल उतरून त्यावर धूळ चिकटून चिखल झालाय का बघा, नुसता हलका ओलसरपणा असेल तर लगेच बदलायची गरज नाही. मोठ्या खड्ड्यात धाड असा दणका बसत असेल तर आतला बंप स्टॉप, म्हणजे शेवटचा दणका झेलणारा रबरी ठोकळा, भुगा झालेला असतो. बॉनेटवर जोर देऊन गाडी दाबून सोडायची जी पद्धत आहे तिच्यात फक्त पूर्ण मेलेला शॉकप कळतो, अर्धा गेलेला नाही कळत. आणि बदलायचे तर डावा उजवा दोन्ही एकदम, एक नवीन एक जुना ठेवला तर दोन बाजू वेगवेगळ्या वागतात.

दोन आवाज असे आहेत जे सस्पेन्शनचे नाहीतच पण तिथेच धरले जातात. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळूहळू ॲक्सिलरेटर देत गोल फिरलात आणि टक टक टक टक असा चाकाच्या वेगाबरोबर वाढणारा आवाज आला तर तो ड्राइव्ह शाफ्टचा, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याचा, बाहेरचा जॉइंट, रिमच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालेलं दिसेल. आणि वेग वाढला की वाढणारी घूंऽऽ, जी न्यूट्रलमधे टाकली तरी तशीच राहते, ती व्हील बेअरिंग किंवा टायर. मोकळ्या रस्त्यावर हलकं डावीकडे घेतलं की वाढली तर उजवं बेअरिंग, उजवीकडे घेतलं की वाढली तर डावं, कारण वळताना वजन बाहेरच्या चाकावर जातं. दोन्हीकडे काहीच फरक पडला नाही तर बहुतेक टायरच.

कुईकुई करणारे आवाज मात्र रबराचे. थंडीत सकाळी जास्त, पावसात गायब. संशय असेल त्या बुशवर नुसतं पाणी मारा, एकेक करून, ज्याच्यावर मारल्यावर आवाज बदलला तो सापडला. पण त्यावर उपाय म्हणून डिझेल नाहीतर जुनं इंजिन ऑइल फवारायचं नाही. वॉशिंगनंतर गाडीखाली डिझेलचा स्प्रे मारून देणारे अजून आहेत, गाडी दोन दिवस गप्प राहते आणि मालक खूश, पण तेलानी रबर फुगतं, मऊ पडतं आणि लवकर फाटतं. मी स्पष्ट नाही सांगते आणि तुम्ही पण सांगा. सिलिकॉन स्प्रे चालतो, पण खरं तर झिजलेला डी बुश बदलणंच स्वस्त पडतं.

पार्ट घ्यायला आम्ही छोट्या ग्वालटोलीत गेलो, जुना बुश आणि जुना लिंक रॉड पिशवीत घालून, कारण त्याच नावाच्या गाडीत पण मॉडेलनुसार लिंक रॉडची लांबी वेगळी असते. दुकानदार म्हणाला, "मैडम, पूरा आर्म ही ले लो." यावेळी त्याचं म्हणणं मला पटलं. नुसता बुश प्रेस मशीनवर बसवावा लागतो आणि मागच्या बुशच्या रबरात ज्या पोकळ्या असतात त्या ठरलेल्या दिशेलाच यायला हव्यात, तिरका बसला तर लवकर फाटतो. हातोड्यानी ठोकून बसवणाऱ्याकडे देण्यापेक्षा बॉल जॉइंट आणि बुशांसकट पूर्ण आर्म बरा, फक्त चांगल्या कंपनीचा घ्या, बॉल जॉइंटवर जीव टांगलेला असतो.

आणि बसवताना तिथे उभं राहून एक गोष्ट बघाच. आर्मच्या बुशचे बोल्ट गाडी वर लटकलेली असताना शेवटचे आवळायचे नाहीत. लटकलेल्या स्थितीत आवळले तर बुशमधलं रबर त्या जागी पकडलं जातं, आणि गाडी खाली आली की ते कायमचं पिळलेलं राहतं, प्रत्येक खड्ड्यात आणखी पिळलं जातं आणि नवीन बुश लवकरच फाटतो. आधी हातानी बसवायचे, गाडी चाकांवर उभी करायची, थोडी पुढेमागे ढकलायची म्हणजे बसेल, आणि मग पिटवर नाहीतर रॅम्पवर पूर्ण आवळायचे, टॉर्क पान्यानी, मॅन्युअलमधे दिलेल्या आकड्याला. मी हे सांगितलं तेव्हा पोरगा माझ्याकडे बघत राहिला, मग त्याचे उस्ताद आतून म्हणाले, "दीदी सही बोल रही हैं, नीचे उतार के टाइट कर." लिंक रॉडचे नट लॉकवाले असतात, जुने परत वापरायचे नाहीत, आणि आवळताना बॉलची दांडी सोबत फिरू नये म्हणून ती दुसऱ्या पान्यानी धरायची, नाहीतर नवीन बूट पहिल्याच दिवशी पिळून फाटतो.

त्यानंतर लगेच अलाइनमेंट. आर्म बदलला की चाकाचा कोन थोडा तरी बदलतोच.

आत्याच्या गाडीत शेवटी दोन लिंक रॉड, दोन आर्म आणि अलाइनमेंट एवढंच झालं. उजवा आर्म का बदलला तर त्याच्या बुशचं रबर पण कडक झालं होतं आणि आत्याला घाटात जायचं होतं, तिथे मला शंका ठेवायची नव्हती. शॉकप जुनेच आहेत, कोरडे आहेत, गाडी डुलत नाही. डाव्या माउंटिंगचं रबर थोडं बसलंय पण बेअरिंग मोकळं फिरतंय, ते दिवाळीच्या सर्व्हिसला परत बघणार. वही आता गाडीच्या दारातच ठेवलीय, त्यात आत्यानी परवा लिहिलंय की मागून उजवीकडे, फक्त रिकामी गाडी असताना, बारीक टिकटिक. रविवारी मागच्या सीटवर दोघांना बसवून तीच गल्ली परत घेणार आहोत.